मुक्त आज्ञावली, स्वयंसेवक आणि देखभालीचा प्रश्न : ‘कोहा’च्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : मुक्त आज्ञावली, स्वयंसेवक, देखभाल, महाविद्यालयीन ग्रंथालय, कोहा, मराठी संगणन

१९९७ साली एरिक रेमंड यांनी ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध मांडला आणि मुक्त आज्ञावलींविषयीच्या (फ्री सॉफ्टवेअर) चर्चेला दोन प्रतिमा मिळाल्या. एकीकडे मोजक्या स्थपतींनी बंद दाराआड उभारलेले भव्य प्रार्थनामंदिर, तर दुसरीकडे कोणीही यावे, काहीही मांडावे असा गजबजलेला बाजार. लिनक्सची घडण या दुसऱ्या प्रतिमेत बसते आणि आज्ञावली जितक्या अधिक लोकांसमोर उघडी राहील तितके तिचे दोष लवकर सापडतील, असे रेमंड यांचे प्रतिपादन होते. १९९९ मध्ये या निबंधाचे पुस्तक झाले. आपल्याकडील परिसंवादांतून आणि ‘माहिती तंत्रज्ञान व समाज’ अशा शीर्षकाच्या शोधनिबंधांतून हे प्रतिपादन जवळजवळ सिद्धान्त म्हणून स्वीकारले गेलेले दिसते. माणसे आपोआप येतात, फक्त दार उघडे ठेवावे लागते, हे त्यातले गृहीतक मात्र तपासले जात नाही. प्रस्तुत लेखात ते तपासण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण महाविद्यालयीन अध्यापकांच्या रोजच्या परिचयाचे, म्हणजे ग्रंथालयातील ‘कोहा’ या आज्ञावलीचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे भाग आहे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाच्या द्व्यर्थामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ मध्ये जी.एन.यू. प्रकल्प घोषित केल्यापासून पुढे आयुष्यभर ‘मुक्त म्हणजे फुकट नव्हे’ हे समजावत बसावे लागले. मराठीला ही अडचण नाही, कारण आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. असे असूनही व्यवहारात आपण दुसराच शब्द जगतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावली ग्रंथालयांना विनामूल्य मिळते, पण तिचा मूळ संकेत खुला नाही. ‘कोहा’चा मूळ संकेत खुला आहे आणि तो बदलण्याचा, वाटण्याचा हक्कही वापरणाऱ्याला आहे. महाविद्यालयाच्या खरेदी समितीच्या टिपणीत मात्र या दोहोंच्या पुढे एकच शेरा पडतो : ‘खर्च निरंक’. ज्या वस्तूचा खर्च निरंक, तिच्या देखभालीचा विचारही निरंक राहतो.

दुसरा शब्द ‘स्वयंसेवक’. या शब्दामागे महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९४१ पासूनचे राष्ट्र सेवा दल, १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना, श्रमदानाची शिबिरे, पूर-वादळात धावून जाणारी तरुण मंडळे. या परंपरेचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण तिने स्वयंसेवेची जी कल्पना आपल्या मनात रुजवली आहे ती प्रामुख्याने शिबिराची आहे. सात दिवस जायचे, रस्ता किंवा बंधारा उभा करायचा, समारोपाला छायाचित्र काढायचे आणि परतायचे. उभारणीला ही पद्धत साजते. देखभालीचे काम वेगळ्या जातीचे असते, कारण त्याचा समारोप होत नाही आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. आपल्या जिल्ह्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यांवर वनराई बंधारे घातले जातात. हे बंधारे पुढच्या पावसात टिकत नाहीत, दर वर्षी पाऊस ओसरला की पुन्हा घालावे लागतात. आपल्याकडच्या स्वयंसेवेत देखभालीच्या स्वभावाच्या जवळ जाणारे काही असेल तर ते हे. जिथे गावातला एखादा माणूस दर वर्षी गोण्या जमवतो, ओढ्याची जागा ध्यानात ठेवतो आणि शाळेला आठवण करतो, तिथे बंधारा दर वर्षी पडतो. बाकी ठिकाणी एका वर्षाच्या अहवालापुरताच तो असतो.

रेमंड यांच्या प्रतिपादनाला घटनांनीच मोठा छेद दिला आहे. २०१४ मध्ये ‘ओपन-एस.एस.एल.’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाने गाजलेला दोष उघड झाला. जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता जिच्यावर अवलंबून होती त्या आज्ञावलीत हा दोष दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होता. तिची देखभाल अगदी मोजकी माणसे करीत होती आणि प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर इतक्याच होत्या, हे त्यानंतर जगाला कळले. बाजार होता, गर्दीही होती, पण ती गिऱ्हाइकांची होती.

२०२४ चे ‘एक्स-झेड’ प्रकरण याहून अधिक विचार करायला लावणारे आहे. माहितीचा आकार लहान करण्याची ही एक साधी उपयुक्त आज्ञावली. तिचा सांभाळ वर्षानुवर्षे एकटा माणूस विनावेतन करीत होता आणि तो थकला होता. एक नवा ‘स्वयंसेवक’ आला, त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चिकाटीने उपयुक्त काम केले, विश्वास संपादन केला. दरम्यान इतर काही अनोळखी नावांनी मूळ सांभाळकर्त्यावर ‘काम मंद चालले आहे, दुसऱ्याकडे सोपवा’ असा दबाव आणला. अधिकार हाती आल्यानंतर त्या स्वयंसेवकाने आज्ञावलीत चोरवाट पेरली. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा छडा लावू पाहणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली. स्वयंसेवक मिळणे ही निखळ चांगली गोष्ट आहे, असे यानंतर म्हणता येत नाही. दमलेल्या माणसाला मदतीची इतकी गरज असते की मदत करणारा कोण आहे हे पाहण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. म्हणून भरतीचा प्रश्न विश्वासाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

नादिया एघबाल यांनी ‘वर्किंग इन पब्लिक’ (२०२०) या पुस्तकात रेमंड यांच्या चित्राची फेरमांडणी केली आहे. अनेक लोकप्रिय प्रकल्पांत करणारे एक-दोघे आणि पाहणारे हजारो अशी स्थिती असते. तिथे सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे सांभाळकर्त्याचे अवधान आणि प्रत्येक नवखा मदतनीस प्रथम ते अवधान खर्चच करतो, असा त्यांचा मुद्दा आहे. तो मार्मिक आहे. लिहिणाऱ्यापेक्षा तपासणारा दुर्मीळ, ही गोष्ट समीक्षित नियतकालिक चालवणाऱ्या कोणत्याही संपादकाला वेगळी सांगावी लागणार नाही! तथापि एघबाल यांचे निरीक्षण मुख्यतः अशा प्रकल्पांवर बेतलेले आहे, जिथे बनवणारे व वापरणारे दोघेही आज्ञावलीकार असतात. वापरणारा वर्ग ग्रंथपालांसारखा एखाद्या वेगळ्या व्यवसायाचा असेल, त्याच्याजवळ आज्ञावलीकाराकडे नसलेले ज्ञान असेल, तर काय घडते? याचे उत्तर ‘कोहा’च्या इतिहासात सापडते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पश्चिम किनाऱ्यालगत होरोव्हेनुआ नावाचा लहानसा जिल्हा आहे. तेथील ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली इसवी सन २००० चा उंबरठा ओलांडू शकणार नव्हती आणि बाजारातील नव्या प्रणाली न्यासाला परवडणाऱ्या नव्हत्या. कॅटिपो कम्युनिकेशन्स या स्थानिक संस्थेने दूरध्वनीच्या साध्या तारांवर शाखा जोडता येतील अशी प्रणाली तयार केली. ३ जानेवारी २००० रोजी ती कामाला लागली आणि पुढे मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची जाणीव सोबत घेऊन येणारी भेट. पाहुण्याने यजमानाकडे जाताना न्यायची वस्तू. आपल्याकडे लग्नकार्यातल्या आहेराला जो अर्थ असतो, त्याच्या जवळचा हा अर्थ आहे. घेतलेला आहेर ध्यानात ठेवून योग्य वेळी फेडायचा असतो.

या आज्ञावलीच्या कामाची रीत थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, तिची नवी आवृत्ती निघते. प्रत्येक सहामाहीसाठी जबाबदाऱ्या नव्याने वाटल्या जातात : नव्या आवृत्तीचा प्रमुख, जुन्या आवृत्त्या सांभाळणारे, गुणवत्ता तपासणारे, भाषांतराचे व्यवस्थापन पाहणारे, माहितीपुस्तिका लिहिणारे. मुदत सहा महिन्यांची असल्याने जबाबदारी स्वीकारणाऱ्याला तिचा शेवट दिसत असतो. दमलेल्याला सन्मानाने बाजूला होता येते, आणि ‘एक्स-झेड’च्या सांभाळकर्त्यापाशी नेमकी हीच सोय नव्हती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणीही सुचवलेला बदल थेट आत जात नाही. तो बदल लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी प्रत्यक्ष वापरून पाहून त्यावर आपल्या नावाने संमती नोंदवावी लागते. त्यानंतर गुणवत्ता गट तो तपासतो आणि मगच तो स्वीकारला जातो. ही पहिली संमती देण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. चाचणीसाठी तात्पुरती प्रणाली उपलब्ध करून दिलेली असते. तीत शिरून ‘पुस्तक परत घेतल्यावर दंड बरोबर दिसतो का’ एवढे पाहायचे असते. रोज दोनशे पुस्तकांची देवघेव करणारा ग्रंथालय परिचरही ते पाहू शकतो, कदाचित अभियंत्यापेक्षा चांगले पाहू शकतो.

म्हणजे इथे दार उघडे ठेवण्यापलीकडे जाऊन उंबरठा कमी केला आहे. काम लहान केले आहे, पण क्षुल्लक केलेले नाही, कारण त्या संमतीवाचून बदल पुढे सरकत नाही. आणि काम करणाऱ्याचे नाव टिकते. कोणत्याही महाविद्यालयातील ‘कोहा’च्या कर्मचारी-विभागात ‘कोहाविषयी’ या अर्थाचे एक पान असते. त्यात प्रकल्पाच्या कार्यगटाची, भाषांतरांची आणि आजवरच्या वाटचालीची नोंद आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते पान उघडले आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

महाराष्ट्राचा या प्रकल्पाशी संबंध केवळ वापरापुरता नाही. जगभरातील ‘कोहा’कर्मींची २०११ ची परिषद ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळाच्या परिसरात भरली. त्यापूर्वीची वेलिंग्टनला झाली होती, नंतरची एडिंबरोला झाली. त्याच वर्षी एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला, तेव्हा देशोदेशींच्या वापरकर्त्यांनी देणग्या आणि पाठिंबा उभा केला. २०१३ मध्ये तो दावा फेटाळला गेला. संकट आले की माणसे जमतात, हे यातून दिसते. परंतु आणीबाणीला धावणारे हात मंगळवारच्या सकाळी चाचणीला बसत नाहीत. ठाण्याच्या परिषदेनंतरही आपल्या महाविद्यालयांतील प्रचलित व्यवस्था अशी आहे की एखादी सेवापुरवठादार संस्था ‘कोहा’ बसवून देते, तिच्याशी वार्षिक देखभाल करार होतो आणि महाविद्यालयाची जबाबदारी संपते. करार करण्यात गैर काही नाही. पुरवठादार महाविद्यालयातला संगणक सांभाळतो, मूळ आज्ञावली मात्र दुसरेच कोणी सांभाळत असतात, एवढा भेद ध्यानात यायला हवा.

तो भेद का महत्त्वाचा आहे, हे मराठीच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मालवणच्या किनाऱ्यावर दर्या आहे आणि घाटाकडे गेले की दऱ्या आहेत. या दोन शब्दांतील फरक फक्त ‘र’च्या रूपाचा आहे. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिले जाते. एक, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरा जुना प्रकार म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर व कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ती एक होत नाहीत. एखाद्या ग्रंथालयात ‘वाऱ्यावरची वरात’ची नोंद एका पद्धतीने झाली आणि विद्यार्थ्याच्या कळफलकाने दुसरी पद्धत वापरली, तर शोधप्रणालीला वेगळा नियम शिकवलेला नसल्यास, पु. ल. देशपांड्यांचे पुस्तक कपाटात असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर येते. शोधप्रणाली ते अदृश्य चिन्ह गाळून टाकणारी असेल तर दऱ्या शोधणाऱ्याला दर्या सापडतो.

श्रीलिपी किंवा आय.एस.एम.सारख्या जुन्या टंकांत भरलेल्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना हा गोंधळ वाढतो. दुरुस्तीसाठी लागणारा नियम चार ओळींचा असेल, पण तो लागतो हे वेलिंग्टनच्या आज्ञावलीकाराला कोण सांगणार? बहुधा पुरवठादारही सांगणार नाही, कारण त्याच्याकडे तक्रारच गेलेली नसते. विद्यार्थी ‘पुस्तक नाही’ असे समजून निघून जातो. हा दोष दिसण्यासाठी मराठी येणारा, शुद्धलेखनाची जाण असलेला आणि ग्रंथालयात बसणारा माणूस लागतो. असा माणूस मराठी विभागातच आहे. त्याला कोणी हाक मारलेली नाही.

भाषांतराच्या क्षेत्रातला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. पडद्यावरील एकाच आज्ञेला एका आज्ञावलीत ‘जतन करा’, दुसरीत ‘साठवा’, तिसरीत ‘संचयित करा’ असे शब्द आढळतात. भारतीय भाषांतील ही विस्कळित परिभाषा एकसारखी करावी या हेतूने रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयातून २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रम सुरू झाला. तो स्तुत्य होताच. पण मराठी परिभाषेवर वाद घालण्याची हौस असलेल्या आपल्या विद्यापीठीय वर्गाने अशा कामात उतरण्याऐवजी ‘संगणकावरील मराठी बिघडली आहे’ असे अध्यक्षीय भाषणांतून सांगणे अधिक पसंत केले, असे नाइलाजाने म्हणावे लागते. केरळात २००२ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ उभे राहिले. त्याच्याशी निगडित मंडळींनी टंक घडवले आणि सांभाळलेही. शासनाने शाळांतून मुक्त आज्ञावली नेल्या आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थी-मंडळे चालवली. तेथे आधी शिकणारा पुढे शिकवणारा होतो. ही साखळी आपल्याकडे जुळलेली नाही.

मुक्त आज्ञावलीची तुलना रापणीशी करण्याचा मोह किनाऱ्यावरच्या अभ्यासकाला होतो. रापणीत होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडतात, दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून अनेक जण मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात. सामूहिक श्रम, सामूहिक फळ. तुलना आकर्षक असली तरी निर्णायक ठिकाणी ती तुटते. रापणीत वाटा दोराला हात लावणाऱ्याला मिळतो, म्हणून माणसे भल्या पहाटे येतात. आज्ञावलीत दोर न ओढणाऱ्यालाही पूर्ण जाळेभर मासळी मिळते आणि त्याने कोणाचा वाटा कमीही होत नाही. यामुळेच तिचा प्रसार होतो आणि याचमुळे दोर ओढायला माणूस मिळत नाही. ओढणाऱ्याला येथे वाट्याऐवजी दुसरे काही द्यावे लागते : शिकण्याची संधी, नाव, निर्णयात स्थान. ‘समाजसेवा म्हणून या’ या आवाहनात यांपैकी काहीच नसते.

आता महाविद्यालयांकडे वळू. गेल्या काही वर्षांच्या ‘नॅक’च्या वार्षिक गुणवत्ता अहवालाच्या नमुन्यात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाविषयी रकाने आहेत : आज्ञावलीचे नाव, संगणकीकरण पूर्ण की अंशतः, आवृत्ती, वर्ष. आवृत्तीचा आकडा आपण निष्ठेने भरतो. ती आवृत्ती कोणाच्या श्रमातून आली आणि त्यात आपला काही हातभार होता का, हे विचारणारा रकाना नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील तक्त्यात ग्रंथाच्या भाषांतराला गुण आहेत. आज्ञावलीतील मराठीची शब्दयोजना करणाऱ्या, सहा महिने दोष नोंदवणाऱ्या अध्यापकासाठी वेगळे शीर्षक नाही. त्यामुळे ‘मुक्त आज्ञावली जागृती कार्यशाळा’ होतात, कारण कार्यशाळेला उपस्थितिपत्रक असते. दुसऱ्या दिवशी कोण थांबले, याची नोंद ठेवण्याचे कारण कोणालाच नसते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद रिकामे आहे, जिथे अध्यापक तासिका तत्त्वावर राबतो आणि त्याचे मानधन महिनोन्महिने थकते, तिथे स्वयंसेवेचे आवाहन करणे म्हणजे शोषणाला सात्त्विक नाव देणे नव्हे काय? हा आक्षेप प्रस्तुत लेखकाला मोठ्या अंशी मान्य आहे. ‘ओपन-एस.एस.एल.’च्या वेळीही ज्यांनी नफा मिळवला त्यांनी देखभालीचा खर्च दुसऱ्यांच्या झोपेवर टाकला होता. म्हणून आवाहन व्यक्तीला करण्यापूर्वी संस्थेला केले पाहिजे. देखभाल करारावर खर्च होणाऱ्या रकमेसोबत कायम सेवेतील एका कर्मचाऱ्याचे आठवड्यातील दोन तास कामाच्या वेळेत, कार्यभारात मोजून, या कामाला देणे संस्थेला अशक्य नाही. पगारी वेळेत केलेल्या कामाला स्वयंसेवा म्हणावे का, यावर शब्दच्छल करता येईल. आहेर घरातर्फे दिला जातो, त्यावर नाव कर्त्याचे असते.

आणि सुरुवात मोठी असू नये. सिंधुदुर्गातील चार महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी मराठी विभागातील एकेका सहकाऱ्याला सोबत घ्यावे. अर्ध्या ‘ऱ’ची पंचवीस शीर्षके निवडून ती दोन्ही पद्धतींनी आपापल्या ‘कोहा’त शोधावीत. कुठे काय सापडले, काय सापडले नाही, कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या शोधप्रणालीवर, याची तक्त्यात नोंद करून ती प्रकल्पाच्या दोषनोंदीत इंग्रजीतून मांडावी. दुरुस्ती सुचवली गेली की चाचणी-प्रणालीत तीच पंचवीस शीर्षके पुन्हा शोधावीत आणि संमती द्यावी किंवा नाकारावी. त्यासाठी दोन दुपारी पुरतील. तिसऱ्या दुपारी, पुढच्या आवृत्तीनंतर, तीच यादी पुन्हा चालवून पाहावी लागेल, कारण दुरुस्त झालेले पुन्हा बिघडू शकते.